ऊर्जा-आणीबाणीत इंधनाच्या नफेखोरीला कायद्याने आळा घालावा का?

तराजू (धागाकर्ता)

१९ मे २०२२ रोजी अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने इंधनातील नफेखोरीला प्रतिबंध करणारे विधेयक २१७ विरुद्ध २०७ मतांनी संमत केले. रिपब्लिकन पक्षाचे एकही मत त्याला पडले नाही, चार डेमोक्रॅट सदस्यही विरोधात गेले आणि पुढे सिनेटने ते विचारात घेतलेच नाही. विषय मात्र संपलेला नाही. २००७ साली असेच एक विधेयक याच सभागृहातून २८४ विरुद्ध १४१ मतांनी गेले होते आणि पुढचे तेलसंकट आले की तिसरे येणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

विधेयकाचा गाभा असा होता की, राष्ट्राध्यक्षांनी ऊर्जा-आणीबाणी घोषित केल्यावर, घोषणेत नमूद केलेल्या प्रदेशात आणि एका वेळी जास्तीत जास्त ३० दिवसांसाठी (ही मुदत वाढवता येते), परिस्थितीचा गैरफायदा घेऊन अतिरेकी दराने इंधन विकणे बेकायदा ठरावे. विक्रेत्याचा खर्च खरोखर वाढला असेल, तर तो त्याचा बचाव ठरणार होता.

माझा अशा कायद्याला पाठिंबा आहे. भाव वाढला की पुरवठा वाढतो, हा सिद्धांत महिन्या-दोन महिन्यांच्या हिशेबात खरा असेल. परंतु पहिल्या आठवड्यात ज्याला कामावर जायचेच आहे आणि ज्याच्या गावात बस नाही, तो माणूस भाव कितीही असला तरी टाकी भरतोच, आणि नवे तेल तर तोपर्यंत बंदरालाही लागलेले नसते. त्या काळातील वाढीव पैशाचा मोठा भाग केवळ एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो. शिवाय कच्चे तेल महागले की पंपावरचा दर लगेच चढतो आणि स्वस्त झाले की रेंगाळत उतरतो, हे अर्थतज्ज्ञ सेव्हरिन बोरेनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्येच दाखवून दिले आहे. माझा आक्षेप एवढाच की २०२२ च्या विधेयकात आकडा नव्हता. न्यू जर्सीच्या कायद्यात आणीबाणीपूर्वीच्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून अधिक वाढ, वाढलेला खर्च वजा जाता, बेकायदा मानली जाते. अतिरेक कशाला म्हणायचे हे न्यायाधीशाच्या मनावर सोडण्यापेक्षा असा आकडा विक्रेत्यालाही सोयीचा आहे.

ह्यूस्टनवासी

तुमची मांडणी नेटकी आहे, पण इतिहास तिच्या बाजूने नाही. २९ ऑगस्ट २००५ रोजी कतरीना वादळ धडकले, मेक्सिकोच्या आखातातील तेलउत्पादन जवळजवळ ठप्प झाले आणि आठवडाभरात देशातील पेट्रोलचा सरासरी दर गॅलनला २.६१ डॉलरवरून ३.०७ डॉलरवर गेला. त्यानंतर युरोपातून पेट्रोलची जहाजे अमेरिकेकडे वळली, ती येथे चढा भाव मिळत होता म्हणूनच. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या सदस्य देशांनी ६ कोटी पिंपांचा साठा बाजारात आणण्याचे ठरवले, हे खरे. पण भाव १० टक्क्यांवर अडवला असता, तर उरलेला माल कोणत्या आमिषाने समुद्र ओलांडून आला असता?

काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, आदेशावरून फेडरल ट्रेड कमिशन या व्यापारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी आयोगाने त्या भाववाढीची चौकशी केली आणि मे २००६ मध्ये अहवाल दिला. आदेशाच्या कायद्यातील नफेखोरीच्या व्याख्येत बसणारे विक्रेते त्यांना १५ सापडले: सात तेलशुद्धीकरण कंपन्या, दोन घाऊक व सहा किरकोळ विक्रेते. त्यातील बहुतेकांच्या दरांचेही स्पष्टीकरण स्थानिक किंवा प्रादेशिक बाजाराच्या हालचालीतून मिळते, असे आयोगानेच नोंदवले. चोर शोधायला अख्खा गाव पालथा घातला आणि हाती हे लागले.

१९७३-७४ मधील पेट्रोलच्या रांगांना अरब देशांच्या तेलबंदीइतकेच सरकारी दरनियंत्रण आणि वाटपाचे नियमही कारणीभूत होते. दर बांधला की टंचाई नाहीशी होत नाही. ती पैशाऐवजी वेळेच्या रूपाने वसूल होते आणि तासावर मजुरी करणाऱ्याला ती वसुली अधिक महाग पडते.

सवाना नदी

माझे मेहुणे अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात दोन गॅस स्टेशन, म्हणजे पेट्रोल पंप, चालवतात, त्यामुळे मी निःपक्षपाती नाही, हे आधीच नमूद करतो. अमेरिकेतील पंपांवर मोठ्या तेलकंपन्यांच्या पाट्या असल्या, तरी बहुतेक पंप छोट्या मालकांचे आहेत आणि गॅलनमागे त्यांच्या हाती काही सेंटच राहतात. त्यातूनही कार्ड कंपनी टक्केवारीने आपला वाटा घेते, म्हणजे भाव वाढला की तिचे उत्पन्न आपोआप वाढते. तिला कोणी नफेखोर म्हटल्याचे मी ऐकलेले नाही.

ग्राहकाला एक गोष्ट सहसा कळत नाही. आज टाकीत असलेले पेट्रोल जुन्या दराने घेतलेले असते, परंतु उद्याचा टँकर नव्या दराने येणार असतो आणि त्याचे पैसे आजच्या विक्रीतूनच उभे करायचे असतात. मे २०२१ मध्ये सायबर हल्ल्यामुळे इंधन वाहून आणणारी कलोनियल पाइपलाइन बंद पडली, तेव्हा लोक कॅन घेऊन रांगेत उभे होते आणि प्लास्टिकच्या पिशव्यांत पेट्रोल भरू नका, असा इशारा सरकारी यंत्रणेला द्यावा लागला. मेहुण्यांनी भाव फारसा वाढवला नाही. दुपारपर्यंत टाक्या रिकाम्या झाल्या आणि संध्याकाळी आलेल्या परिचारिकेला हात हलवत परत जावे लागले. स्वस्त पेट्रोल मिळाले, ते ज्यांना त्या दिवशी त्याची गरजही नव्हती अशांना. यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही, मात्र प्रत्येक वाहनामागे कमाल गॅलन ठरवून देणे हे दर बांधण्यापेक्षा अधिक न्याय्य झाले असते, असे मला वाटते.

बे एरियाकर

हा वाद कॅलिफोर्नियाला वगळून होऊ शकत नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये टोरन्स येथील शुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला आणि तेव्हापासून आमच्या राज्यातील पेट्रोल, कर व पर्यावरणविषयक नियमांचा खर्च वजा केल्यावरही, उर्वरित देशापेक्षा महाग राहिले आहे. हा फरक पुरतेपणी कशानेच समजावता येत नाही, म्हणून वर उल्लेख आलेल्या बोरेनस्टाइन यांनीच त्याला गूढ अधिभार असे नाव दिले. मार्च २०२३ मध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी सही केलेल्या कायद्याने राज्याच्या ऊर्जा आयोगाला शुद्धीकरण कंपन्यांच्या नफ्याची कमाल मर्यादा ठरवून दंड आकारण्याचा अधिकार दिला आणि बाजारावर देखरेख ठेवणारा स्वतंत्र विभागही स्थापन केला.

पुढे काय झाले? फिलिप्स ६६ ने लॉस एंजेलिसचा आणि व्हॅलेरोने बेनिशियाचा कारखाना बंद करण्याचे जाहीर केले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आयोगाने नफा-मर्यादेचा विषय पाच वर्षांसाठी पुढे ढकलला. कारखाने केवळ या कायद्यामुळे बंद झाले, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल, कारण पेट्रोलचा खपच उतरणीला लागला आहे. परंतु उगारलेला दंड एकदाही न वापरता म्यान करावा लागला, ही वस्तुस्थिती आहे.

तरीही तो कायदा वाया गेला, असे मी म्हणणार नाही. कंपन्यांना आता आयात, देखभालीसाठी कारखाना बंद ठेवण्याचा काळ आणि व्यवहारांचे दर यांची माहिती राज्याला द्यावी लागते. माझ्या मते कायद्याचा खरा दात दंडात नसून या माहितीत आहे; ती नसेल तर नफेखोरी झाली की नाही, यावर आपण इथे वर्षानुवर्षे केवळ तर्कच लढवत बसू.

कोथरूडकर

भारतातून एकच मुद्दा मांडतो. येथे पेट्रोलचे दर २०१० मध्ये आणि डिझेलचे २०१४ मध्ये कागदोपत्री मुक्त झाले, परंतु नोव्हेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात, म्हणजे उत्तर प्रदेशासह पाच राज्यांच्या निवडणुका होईपर्यंत, ते चार महिन्यांहून अधिक काळ जागचे हलले नाहीत. त्यानंतरही सरकारी कंपन्यांनी खर्चापेक्षा कमी दराने विक्री चालू ठेवली, खासगी पंपांनी तोटा टाळण्यासाठी विक्री आखडती घेतली आणि शेवटी जून २०२२ मध्ये सरकारला सर्व पंपांवर पुरवठा चालू ठेवण्याचे बंधन घालावे लागले. कायदा नसतानाही दर बांधता येतो, फक्त त्याचा हिशेब कोठेही लिहिला जात नाही. या दृष्टीने ३० दिवसांची मुदत आणि घोषणेची सक्ती असलेला अमेरिकी मसुदा मला अधिक सरळ वाटतो.

तराजू

ह्यूस्टनवासी, २००६ च्या अहवालावर तुम्ही फार भार टाकत आहात. बाजाराच्या कलामुळे झालेली वाढ त्या चौकशीच्या व्याख्येतूनच वगळलेली होती. जाळ्याची भोके एवढी मोठी असताना मासे कमी सापडले, यात नवल नाही. दर आणि नफ्याचा वाटा यांतला भेदही तुमच्या उत्तरात पुसला गेला आहे. जहाज आणण्याचा खर्च वाढला, तर तो ग्राहकाकडून वसूल करण्यास न्यू जर्सीचा कायदाही आडकाठी करत नाही.

सवाना नदी यांची चिंता रास्त आहे. मात्र अमेरिकी विधेयकात वर्षाला ५० कोटी डॉलरहून अधिक इंधनविक्री असलेल्या कंपन्यांवरील कारवाईला प्राधान्य होते, दोन पंपांचा मालक हे लक्ष्य नव्हते. उद्याच्या टँकरचा दर हाच खर्च मानावा, असे कलमात स्पष्ट लिहिले, तर माझी काहीच हरकत नाही. वाहनामागे कमाल गॅलन ही सूचनाही आणीबाणीच्या घोषणेत समाविष्ट करता येईल.

ह्यूस्टनवासी

उद्याच्या टँकरचा दर मान्य केलात, तर पंपमालक सुटला आणि सगळा प्रश्न शुद्धीकरण कारखान्यावर येऊन थांबला. जून २०२२ मध्ये सरासरी दर पाच डॉलरपलीकडे गेला, तेव्हा कच्च्या तेलाइतकीच कारखान्यांची टंचाई बोलत होती. २०२० पासून देशाची शुद्धीकरणक्षमता दिवसाला सुमारे १० लाख पिंपांनी घटली होती. फिलाडेल्फियाचा मोठा कारखाना तर त्याआधीच, २०१९ च्या आगीनंतर, कायमचा बंद झाला होता. जे उरले, त्यांना नफा झाला, कारण ते उरले. तुमचा १० टक्क्यांचा नियम नेमका त्यांनाच दंड करतो, आणि २०२० मध्ये त्यांनी सोसलेला तोटा कोणी वाटून घेतल्याचे मला आठवत नाही.

तराजू

महिनाभराच्या मर्यादेमुळे कोणी कारखाना बांधण्याचा विचार सोडून देईल, हे मला पटत नाही. तो निर्णय पुढच्या २०-३० वर्षांच्या खपाकडे पाहून होतो आणि तो खप कोणत्या दिशेने चालला आहे, हे बे एरियाकर यांनी सांगितलेच आहे. मुदत पुन्हा पुन्हा वाढवली गेली, तर मात्र तुमचा आक्षेप खरा ठरेल. म्हणून मसुद्यात माझी एक दुरुस्ती: पहिल्या ३० दिवसांनंतरची प्रत्येक मुदतवाढ राष्ट्राध्यक्षांच्या सहीने नव्हे, तर काँग्रेसच्या मतदानानेच व्हावी. एवढ्यावर तुम्ही राजी आहात का?

ह्यूस्टनवासी

मुदतवाढीच्या अटीवर राजी आहे, १० टक्क्यांवर नाही.