युरोपातली गॅसबंदी आणि 'घरात प्रोपेनचा बॉम्ब'

नेकारकाठ
काल इथे एकाने लिहिलं की युरोपाची गॅसबंदी, म्हणजे एसी-फ्रीजमध्ये थंडावा आणणाऱ्या काही गॅसांवरची बंदी, हा बड्या कंपन्यांचा धंदा आहे. त्या गॅसांऐवजी लोकांच्या घरात पेट घेणाऱ्या प्रोपेनचे बॉम्ब बसवायचे आणि चालू एसी भंगारात काढायला लावायचे. मी चौदा वर्षं श्टुटगार्टजवळ हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता खेचून घर गरम करणारी यंत्रं) आणि सुपरमार्केटची शीतयंत्रं सांभाळतोय. हे वाचून गप्प बसवेना.

चालू एसी कोणी काढून नेत नाही. २०२४ चा कायदा नव्या यंत्रांना अडवतो, तोही टप्प्याटप्प्याने. १२ किलोवॉटपर्यंतच्या घरगुती स्प्लिटमध्ये २०२९ पासून १५० किंवा त्याहून जास्त जीडब्ल्यूपीचा (जीडब्ल्यूपी म्हणजे तापमान वाढवण्याची ताकद, कार्बन डायऑक्साइडची १ धरून) गॅस चालणार नाही, २०३५ पासून एफ-गॅस, म्हणजे फ्लोरीनवाला गॅसच नाही. सुरक्षेच्या कारणाने सवलत आहे. एचएफसीचा, म्हणजे मुख्य एफ-गॅसांचा, कोटा २०२७ ला २०२५-२६ च्या निम्म्यावर येतो आणि २०५० ला शून्यावर. हे का, तर एसीतला एक किलो ४१०ए गॅस हवेत सुटला की २०८८ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. दुकानांच्या फ्रीजरमधला ४०४ए तर ३९२२. प्रोपेनचा आकडा ३.

आणि बॉम्ब म्हणाल, तर ही भीती जुनी आहे. १९९२-९३ साली पूर्व जर्मनीतल्या शारफेनश्टाइनच्या बुडत्या कारखान्याने ग्रीनपीसच्या साथीने हायड्रोकार्बनवरचा, म्हणजे प्रोपेनच्या जातीच्या गॅसवरचा, फ्रीज काढला. तेव्हाही स्फोटाची भीती घातली गेली होती. आज घरच्या फ्रीजमागचं लेबल वाचा. बहुतेक आर-६००ए असेल, म्हणजे आयसोब्युटेन, तोही पेट घेणाराच. त्याच्याशेजारी आपण निवांत जेवतो.

पिंपरी_कूलिंग
साहेब, फ्रीजमध्ये गॅस पन्नास-साठ ग्रॅम असतो. तुमच्या हीट पंपात किलोभर. बावीस वर्षं या लाइनीत आहे, मला लेबल वाचायला शिकवू नका. चौथ्या मजल्याच्या डक्टमध्ये एका हाताने ग्रिल धरून ब्रेझिंग (ज्योतीने पाइप जोडण्याचं काम) करणारा पोरगा आणि पाइपात प्रोपेन, हे चित्र डोळ्यांसमोर आणा आणि मग कायद्याचं कौतुक करा.

तांबडा_रस्सा
आपल्याकडे १४.२ किलोचा सिलिंडर शेगडीखाली असतो. त्याची नाही भीती, आणि अर्ध्या किलोची वाटते?

पिंपरी_कूलिंग
सिलिंडरच्या गॅसला वास घातलेला असतो. गळला की आजीसुद्धा उठून खिडकी उघडते. एसीतल्या प्रोपेनला वास नसतो. हवेपेक्षा जड, खाली साचून राहतो. बंद बेडरूममध्ये रात्री कोणाला कळणार?

नेकारकाठ
वासाचं म्हणणं मान्य. सिलिंडरची तुलना इथले विक्रेतेही करतात, ती मलाही पटत नाही. पण म्हणूनच जर्मनीत प्रोपेनचा हीट पंप सहसा घराबाहेर बसतो आणि आत फक्त पाणी येतं. त्याच्याभोवती ठरलेल्या अंतरात तळघराची खिडकी किंवा गटाराचं तोंड चालत नाही. मी स्वतः दोन गिऱ्हाइकांना परत पाठवलंय, कारण त्यांच्या अंगणात तेवढी जागाच नव्हती.

रॉटरडॅमची_सून
प्रोपेन राहू दे, आधी पुण्यात आमच्या सासूबाईंकडे काय चालतं ते ऐका. दर एप्रिलला मेकॅनिक येतो, 'गॅस कमी झालाय' म्हणतो, भरतो, अडीच हजार घेतो. सलग पाच वर्षं. अहो, बंद पाइपातला गॅस कमी होतोच कसा? गळती शोधायचं नाव नाही. गेल्या वर्षी मी समोर उभी होते, तर त्याने उरलेला गॅस सरळ बाल्कनीत सोडून दिला. इथे तसं केलं तर गुन्हा आहे.

पिंपरी_कूलिंग
ताई, सगळ्यांना एका माळेत ओवू नका. मी नायट्रोजन मारून गळती शोधतो, फ्लेअर (पाइपाचं पसरट केलेलं जोडाचं टोक) कापून नवं करतो, व्हॅक्यूम करतो. तीन तास जातात. पैसे सांगितले की गिऱ्हाईक म्हणतं, 'शेजारचा अर्ध्या तासात भरून देतो.' गॅस परत भरून घेणारं मशीन घेतलं होतं मी, कर्ज काढून. एकाही गिऱ्हाइकाने त्याचे वेगळे शंभर रुपये दिले नाहीत. आता ते माळ्यावर पडलंय. चोर म्हणायचं तर आधी हिशेब विचारा.

रॉटरडॅमची_सून
चोर मी म्हटलं नाही. पण सासूबाई सत्तर वर्षांच्या आहेत. फ्लेअर म्हणजे काय हे त्यांनी कुठून जाणायचं? गळती आहे हे सांगणं तुमच्या माणसाचं काम होतं.

पिंपरी_कूलिंग
ते होतं. ते सांगायला हवंच होतं.

अभिक्रिया
भरण्या-सोडण्याचं भांडण संपलं असेल तर एक विसरलेली गोष्ट. युरोपाने २००६ मध्ये गाड्यांच्या एसीतल्या १३४ए या गॅसला हात घातला, २०१७ पासून प्रत्येक नव्या गाडीत तो बंद. त्याच्या जागी १२३४वायएफ आला. त्याचा जीडब्ल्यूपी नगण्य, पण हवेत गेलेला जवळजवळ सगळा तुटून टीएफए (ट्रायफ्लोरोॲसेटिक आम्ल) होतो आणि पावसातून पाण्यात उतरतो. तो तिथे मोडत नाही. जर्मनीने टीएफएला प्रजननाला घातक ठरवण्याचा प्रस्ताव दिलाय. आधीच्या गॅसांनी ओझोन बिघडवला, नंतरच्यांनी तापमान, आता पाणी. कारखान्यातला पुढचा रेणू शोधत बसण्यापेक्षा थेट प्रोपेन, अमोनिया, कार्बन डायऑक्साइड अशा नैसर्गिक गॅसांवर जा, एवढंच मला म्हणायचंय.

नाशिकचा_गारवा
टीएफए कीटकनाशकांतूनही येतो, सगळं गॅसच्या माथी मारू नका. अमोनियाचं विचाराल तर आमच्या द्राक्षांच्या शीतगृहात तो आधीपासून आहे. स्वस्त आणि दमदार. पण एकदा व्हॉल्व्हची ग्लँड गळली आणि आम्ही ओला टॉवेल तोंडाला लावून पळालो. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, असं कोणी समजू नये. आणि कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर द्रवच होत नाही, मग शंभर बारच्या आसपास दाब धरावा लागतो. नॉर्वेत ठीक आहे, चाळीस अंशांत वीजबिल कोण भरणार?

नेकारकाठ
म्हणूनच दक्षिण युरोपातल्या दुकानांत इजेक्टर (वाया जाणारा दाब परत कामाला लावणारा भाग) लावतात. बिल बरंच आटोक्यात येतं, पण यंत्र महाग पडतं हे नाकारत नाही. तरी मी मागे हटणार नाही. तीस वर्षांपूर्वी फ्रीजबरोबर एसीलाही हात घातला असता, तर आज एवढी धावपळ झाली नसती. पिंपरीकर, नव्या कायद्याने इथे प्रोपेनवर काम करणाऱ्यालाही प्रशिक्षणाचा दाखला लागतो. तुमच्या ब्रेझिंगच्या पोराला तो मिळायला हवा, तिथे मी तुमच्या बाजूला आहे.

पिंपरी_कूलिंग
दाखला द्या, आम्ही शिकू. शिरवळला गोदरेजने प्रोपेनचे एसी केव्हाच काढलेत, दीड टनीत अर्ध्या किलोच्या आत गॅस. मी दोन बसवलेत, चांगले चालतात, हे कबूल करतो. पण वास घातल्याशिवाय माझ्या बेडरूममध्ये तो येणार नाही.