लॅपटॉपवर झकास, फोनवर बोंब – मामांच्या आंब्याच्या साईटचं काय करू?

हापूसवाला_भाचा

नमस्कार मंडळी. मी पुण्यात नोकरीला, काम सगळं बॅकएंडचं, जावा आणि डेटाबेस, पानाची मांडणी-सजावट ठरवणाऱ्या सीएसएसशी फक्त तोंडओळख. देवगडला मामांची हापूसची बाग आहे. यंदा दलालाकडे कमी आणि थेट गिऱ्हाईकाला जास्त पेट्या द्यायच्या असं त्यांनी ठरवलं आणि "तू कॉम्प्युटरवाला ना, मग साईट तूच कर" म्हणून काम माझ्या गळ्यात मारलं. दोन रविवार घालवून केली. लॅपटॉपवर एक नंबर दिसते, क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये ते मोबाईलचं चित्र दाबून बघितलं तिथेही ठीक, पण खऱ्या फोनवर नुसता गोंधळ चाललाय.

एक म्हणजे पान वर सरकवताना आडवंही हलतं, बोट जरा तिरकं गेलं की उजवीकडे पांढरी पट्टी. दुसरं, पहिल्याच स्क्रीनच्या तळाला "ऑर्डर करा" असं मोठं बटण ठेवलंय, ते खालून अर्धं गायब आणि वरून अक्षरं छाटलेली, म्हणजे ऑ वरचा चंद्र गेला, रफार गेला, उरलं "आडर करा". मामा म्हणाले बरोबरच लिहिलंय की!

तिसरं जास्त वाईट. लोक फॉर्म अर्धा भरतात आणि सोडून देतात, लॉगमध्ये बघतो तर "मोबाईल नंबर चुकीचा" हा एरर तीन-तीनदा आलेला, मग तोच माणूस मामांना फोन करून ऑर्डर देतो. आणि जे थोडे पेमेंटपर्यंत पोचतात ते क्यूआर कोडच्या पानावर येऊन पळतात. तिथे तर भरायचंही काही नाही, नुसता स्कॅन करायचाय. कुठे चुकतंय?

खडूस_फ्रंटएंड

क्यूआरपासून सुरू करतो कारण तो वाचून हसू आवरेना, राग मानू नका. गिऱ्हाईकाचा फोन त्याच्या हातात आणि क्यूआर त्याच फोनच्या स्क्रीनवर, मग स्कॅन कशाने करणार, आरशात बघून? स्क्रीनशॉट काढून पेमेंट अॅपमध्ये गॅलरीतून उचलता येतो पण पेटीभर आंब्यांसाठी एवढी यातायात कोण करतंय. फोनवर "यूपीआयने पैसे भरा" असं बटण द्या, त्यामागे यूपीआयची पे लिंक, त्यात मामांचा यूपीआय आयडी, नाव, रक्कम. दाबलं की फोनमधलं अॅपच उघडतं. क्यूआर फक्त लॅपटॉपवाल्यांना दाखवा. फेसबुक-इन्स्टाच्या आतल्या ब्राउझरमध्ये ही लिंक कधीकधी उघडत नाही, म्हणून बटणाखाली यूपीआय आयडी आणि शेजारी "कॉपी करा" पण ठेवा.

आता तळाचं बटण. पहिल्या भागाला १०० व्हीएच, म्हणजे पूर्ण स्क्रीनएवढी, उंची दिली असणार, पैज लावतो. फोनच्या ब्राउझरमध्ये व्हीएच मोजतात ते वरची अॅड्रेस बार लपलेली आहे असं धरून, आणि पान उघडतं तेव्हा ती बार तिथे बसलेली असते, म्हणून तेवढी पट्टी खालून कापली जाते. त्याऐवजी एसव्हीएच वापरा, बार दिसत असतानाची उंची धरतं, २०२२ पासून सफारी आणि क्रोम दोन्हीकडे चालतं. खरं तर एवढी उंची द्यायचीच कशाला हा माझा प्रश्न आहे, पण तो नंतर.

आणि क्रोममधलं ते मोबाईलचं चित्र म्हणजे मुख्यतः खिडकी अरुंद करून दाखवतात हो. त्यात कीबोर्ड वर येत नाही, अॅड्रेस बार नाही, अंगठा नाही, आणि प्रोसेसर तुमच्या लॅपटॉपचाच. २०१० साली ईथन मार्कॉटने रिस्पॉन्सिव्ह हा शब्द आणला तेव्हा भांडण मुख्यतः रुंदीचं होतं, आता अर्धी दुखणी उंचीची आणि कीबोर्डची आहेत. यूएसबीने खरा फोन लॅपटॉपला जोडा, क्रोमच्या इन्स्पेक्ट पानावरून फोनवरचंच पान तपासता येतं. फोन स्वतःचा नको, मामांचा घ्या.

हापूसवाला_भाचा

१०० व्हीएचच होतं 🙏 मामांच्या फोनची काच तडकलेली आहे आणि अक्षरं त्यांनी सेटिंगमधून मोठी करून ठेवलीत, त्यावर तर साईट ओळखूच येत नाही.

उंची एवढ्यासाठी की मागे बागेचा ड्रोन व्हिडिओ आहे, मामेभावाने काढलेला. १४ एमबी. मामांचा जीव आहे त्याच्यात.

शिरोरेखा

भाचेसाहेब, "आडर"बद्दल मी सांगते, माझं कामच देवनागरी मजकुराचं आहे. तुम्ही बटणाला ठराविक उंची आणि लाईन हाईट, म्हणजे ओळीची उंची, १ किंवा १.२ दिली असेल आणि वर ओव्हरफ्लो हिडन, म्हणजे बाहेर येईल ते लपवायचं. ते आकडे रोमन अक्षरांसाठी ठीक आहेत. आपल्याकडे रेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरांचे पाय, त्यांना जागा नको का? मी मजकुराला १.६ च्या खाली जात नाही, बटणातही उंची बांधायची नाही, वर-खाली पॅडिंग द्यायचं आणि बटणाला वाढू द्यायचं. मामांनी अक्षरं मोठी केलीत ना, उंची बांधलेली नसेल तर त्यांच्याकडेही बटण नीट दिसेल.

टेम्प्लेटमध्ये शीर्षकांना लेटर स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं जास्तीचं अंतर, असतं ते आधी काढा. इंग्रजीत ते ऐटदार दिसतं, मराठीत शिरोरेघ तुटते आणि "देवगड हापूस" हे सुट्ट्या अक्षरांच्या माळेसारखं दिसतं.

फॉन्ट कोणता घेतलाय? मुक्ता चांगला आहे, मुंबईच्या "एक टाईप" ह्या फॉन्टवाल्यांचा, नोटो सान्स देवनागरी पण चालेल, फक्त सगळ्या जाड्या उचलू नका, रेग्युलर आणि बोल्ड बस. नाहीतर त्या ड्रोनच्या जोडीला फॉन्टचं ओझं. आणि पानाला भाषा एमआर, म्हणजे मराठी, लावा, टेम्प्लेटमध्ये बहुतेक इंग्रजी असते. त्याने ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ल आणि श मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे. कुणी टॉकबॅकवर, म्हणजे स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सोयीवर, ऐकत असेल तर वाचनही मराठी आवाजात होतं. अनेकांना हे फालतू वाटतं, मला नाही वाटत.

बेळगावकर७७

नंबर चुकीचा येतोय त्याचं कारण मला माहितीये कारण ह्याच खड्ड्यात मी पडलोय. एका पतसंस्थेचा फॉर्म केला होता, सभासद रोज ओरडायचे नंबर घेत नाही म्हणून, मी म्हणायचो तुम्हीच चुकीचा टाकताय. शेवटी एका काकांच्या शेजारी बसून बघितलं. त्यांचा कीबोर्ड मराठी, नाव मराठीत लिहिलं आणि त्याच कीबोर्डवरून नंबर पण टाकला, ९८ असा, मराठी आकड्यांत. माझ्या तपासणीत रेजेक्सचा, म्हणजे मजकूर नमुन्याशी ताडून बघणाऱ्या सूत्राचा, बॅकस्लॅश डी, आणि जावास्क्रिप्टमध्ये तो फक्त इंग्रजी शून्य ते नऊ ओळखतो. काका बिचारे बरोबरच टाकत होते हो!

तुमच्याकडे पिनकोडला पण तेच होत असणार बघा. दोन गोष्टी करा. मोबाईल नंबरला इनपुटचा टाईप टेल ठेवा आणि पिनकोडला इनपुटमोड न्यूमरिक, म्हणजे सरळ आकड्यांचा कीपॅड वर येतो आणि बहुतेक फोनवर त्यात इंग्रजी आकडेच असतात. तरी कुणी पेस्ट करेल म्हणून तपासणीच्या आधी देवनागरी आकडे बदलून घ्या. सोपं आहे, देवनागरी शून्याचा युनिकोड क्रमांक २४०६, पुढे ओळीने नवापर्यंत, अक्षराच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की अंक हातात. मधली मोकळी जागा, सुरुवातीचं प्लस ९१, तेही तुम्हीच काढा, गिऱ्हाईकाला कशाला सांगायचं "स्पेस नको" म्हणून.

अजून एक, इनपुटची अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान असतील तर आयफोनवर रकान्यात टिचकी मारली की सगळं पान झूम होतं आणि मग तसंच राहतं. ते थांबवायला लोक व्ह्यूपोर्टमध्ये, म्हणजे पान स्क्रीनवर कसं बसावं त्या सेटिंगमध्ये, झूमच बंद करतात. तसं करू नका. अँड्रॉइडवर म्हाताऱ्या माणसांचं वाचणं बंद होतं आणि आयफोन ते आयओएस १० पासून जुमानतही नाही.

साधं_सरळ

मला एक कळत नाही, साईट हवीच कशाला? व्हॉट्सअॅपवर कॅटलॉग टाका, स्टेटसला पेटीचा फोटो, लोक तिथेच विचारतात "भाव काय" आणि तिथेच घेतात. आमच्या शेजारची काजूवाली बाई असंच करते, तिला एचटीएमएल म्हणजे काय विचारा.

खडूस_फ्रंटएंड

मुद्दा चुकीचा नाही. पण "भाव काय"ला दिवसात शंभरदा उत्तर मामाच देणार ना, झाडावरून आंबे उतरवायचे का टाईप करत बसायचं? मी दोन्ही ठेवेन. साईटवर भाव, पेटीत किती डझन, कधी निघणार, कुठे पोचवतो एवढंच, आणि शेवटी दोन बटणं, फॉर्म आणि व्हॉट्सअॅप. व्हॉट्सअॅपची लिंक अशी करा की "५ डझनची पेटी हवी" हे आधीच लिहून येतं.

ड्रोन व्हिडिओ: पहिल्या स्क्रीनवरून काढा. कुर्ला ते ठाणे लोकलमध्ये उभं राहून एका हाताने साईट उघडणाऱ्या माणसाला १४ एमबीची बाग नको असते, भाव हवा असतो. तिथे कापलेल्या आंब्याचा एकच फोटो, वेबपी ह्या हलक्या फॉरमॅटमध्ये, १०० केबीच्या आत. फोटोला रुंदी-उंची लिहा नाहीतर तो उशिरा येऊन सगळं खाली ढकलतो आणि माणूस एक दाबायला जातो आणि दुसरंच दाबलं जातं. व्हिडिओ खाली "आमची बाग" मध्ये, दाबल्यावर चालेल असा. मामांना सांगा सिनेमाला पण आधी तिकीट काढतात.

आडवं हलणं राहिलं. भावाचा तक्ता आहे का?

हापूसवाला_भाचा

आहे. आकार, वजन, डझन, भाव, शिल्लक असे पाच कॉलम.

शिरोरेखा

मग तोच. ३६० पिक्सेलच्या फोनवर पाच मराठी कॉलम बसत नाहीत, "उपलब्ध" एवढ्या एका शब्दालाही जागा लागते. प्रत्येक पेटीचं वेगळं कार्ड करा, एकाखाली एक, भाव मोठा, डझन त्याखाली, आणि संपली असेल तर "संपली". तरी हललं तर सगळ्या घटकांना तात्पुरती लाल आउटलाईन द्या, बाहेर आलेला लगेच सापडतो. बॉडीला, म्हणजे अख्ख्या पानाला, ओव्हरफ्लो हिडन लावून लपवू नका, मूळ कारण तसंच राहतं.

हापूसवाला_भाचा

अपडेट देतो. तक्ता काढून कार्डं केली, तरी थोडं हलत होतं, लाल रेघांत सापडलं, कोपऱ्यात मीच हौसेने लावलेली आंब्याची डहाळी ४० पिक्सेल बाहेर लोंबत होती. काढली. आकड्यांचं केलं, आणि जुने लॉग परत बघितले तर चुकीच्या नंबरांतले जवळपास सगळे मराठी आकड्यांतलेच होते, बेळगावकर, तुम्हाला साष्टांग. यूपीआयचं बटण केलं पण मामा म्हणाले पैसे पेटी हातात पडल्यावर द्या असंच लिही, आमच्याकडे तसंच चालतं, म्हणून ते आता दुसऱ्या नंबरला आहे. व्हिडिओवरून दोन दिवस अबोला होता.

काल डोंबिवलीच्या मावशीला फोन हातात दिला आणि सांगितलं ऑर्डर कर, मी काही बोलणार नाही. ऑर्डर गेली! पण तिने नावाच्या रकान्यात पूर्ण पत्ता लिहिला, मजला आणि लिफ्ट बंद असते हे सुद्धा, आणि पत्त्याच्या रकान्यात "वरीलप्रमाणे".

बेळगावकर७७

रकान्याचं नाव रकान्याच्या आतच फिकट अक्षरात ठेवलंय ना? टाईप करायला लागलं की ते पुसलं जातं, मग मधेच कुणी हाक मारली तर माणूस विसरतो आपण कशात लिहितोय. नाव वर, बाहेर, काळ्या अक्षरात लिहा. आणि लिफ्टसाठी एक वेगळा रकाना द्या, पेटी वर चढवणाऱ्या पोराला ते माहीत असलेलं बरं.