‘इदा इ वुएल्ता’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: फ्लामेंको (दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियाची गाण्या-नाचाची परंपरा) यातल्या ‘कान्तेस दे इदा इ वुएल्ता’, शब्दशः ‘जाण्या-येण्याची गाणी’, या गटाला माझ्या लेखात ‘येरझार-गाणी’ म्हटलं तर? फ्लामेंको गायक दिएगो एल सिगालाचा २००३चा ‘लाग्रिमास नेग्रास’ हा अल्बम त्यातच धरायचा ना?

प्रतिसाद १: ‘येरझार’ नको, त्यात निष्फळ फेऱ्यांची छटा आहे. स्पॅनिशमध्ये ‘इदा इ वुएल्ता’ हा तिकीटखिडकीवरचा साधा शब्द, आपलं रिटर्न तिकीट. ‘जाऊन-येऊन गाणी’ जमेल, पण क्रम सांभाळा. ‘येऊन-जाऊन’ म्हटलं की ‘शेवटी काय तर’ असा अर्थ होतो. गाणी लॅटिन अमेरिकेत गेली, तिथे बदलली आणि आंदालुसियात परतली, ही त्यामागची कल्पना. या गटातल्या प्रकारांपैकी गुआहिरा आणि रुम्बा क्यूबाकडच्या, मिलोंगा अर्जेंटिना-उरुग्वेकडची. कोलंबियाना मात्र फ्लामेंको गायक पेपे मार्चेनाने स्पेनमध्येच बसवली. नावापुरता कोलंबिया!

प्रतिसाद २: सिगालाचा अल्बम या गटात धरू नये. गुआहिरा हा फ्लामेंकोचा ‘पालो’, म्हणजे गानप्रकार झाला. त्याचं आवर्तन ठरलेलं आहे. अल्बमचं शीर्षकगीत ‘लाग्रिमास नेग्रास’ हा मात्र क्यूबन संगीतकार मिगेल मातामोरोसचा बोलेरो-सोन, म्हणजे बोलेरो आणि सोन या क्यूबन गीतप्रकारांचा मेळ. तिथे क्यूबन पियानोवादक बेबो वाल्देसचा पियानो क्यूबनच राहतो, फक्त गळा ‘कांताओर’चा. (फ्लामेंको गाणारा तो कांताओर, इतर गायक ‘कांतान्ते’. लेखात दोन्हींना ‘गायक’ केलंत तर मुद्दाच हरवेल.)

प्रश्नकर्ता: मग ‘कोंपास’ला, म्हणजे फ्लामेंकोतल्या मात्रांच्या आवर्तनाला, ‘ताल’ लिहू?

प्रतिसाद २: तालचक्र लिहा, पण १२ मात्रा दिसल्या म्हणून एकताल नको. एकतालात दोन-दोन मात्रांचे सहा विभाग असतात. गुआहिरा १२व्या अंकापासून मोजतात: १२-१-२, ३-४-५, ६-७, ८-९, १०-११. म्हणजे ३+३+२+२+२. एकतालाच्या टाळ्या दिल्यात तर तिसऱ्या आणि सहाव्या अंकावरचे आघात निसटतात आणि सगळी गंमत तिथेच आहे. सोनचा क्लावे, म्हणजे गाणंभर चालणारा ठरलेला ठेका, आणखी वेगळा: १६ सूक्ष्म मात्रांत १, ४, ७, ११, १३ वर ठोके. कांताओरला ओळ ताणायची सवय असते. ताणा, पण क्लावे थांबत नाही, पुढची ओळ त्याच चौकटीत पडली पाहिजे. शिवाय मेजर स्वरसंहतीवर फ्रिजियन (फ्लामेंकोतल्या, आपल्या भैरवीसारख्या स्वरांच्या) वळणातला कोमल रिषभ रेंगाळला तर तो पियानोशी भांडतो, म्हणून ती हरकत झटकन षड्जावर उतरवावी लागते.

प्रतिसाद १: आणि ‘फ्युजन’ हा शब्द शीर्षकात तरी टाळा. त्यातून कोण कोणाच्या तालात गातंय हे कळत नाही.