विषय: बक्षिसाची रक्कम आधी जाहीर करायची की न बोलता द्यायची?

प्रेषक: माधव
प्रति: मंडळ

नमस्कार मंडळी,

मंडळाच्या टेनिस स्पर्धेत खेळणाऱ्यांनी बक्षिसाची रक्कम मदतकार्याला द्यायची आणि तसं पहिल्या सामन्याआधीच जाहीर करायचं, ही सूचना वाचली. हेतूबद्दल शंका नाही. पण आधी घोषणा कशासाठी? मोठे खेळाडू करतात म्हणून? कोट्यवधी कमावणाऱ्याने एका स्पर्धेचे पैसे दिले की त्याची बातमी होते, आणि वर्षानुवर्षं न बोलता देणारे कुणाच्या खिजगणतीतही नसतात. आपल्याकडे गुप्तदान मोठं मानतात ते उगीच नाही. द्यायचं असेल तर द्यावं, गाजावाजा नको.

माधव

---

प्रेषक: मंजिरी
प्रति: मंडळ

माधवकाका, नमस्कार.

एरवी गुप्तदान चांगलंच. पण संकट ताजं असताना चारचौघांत दिलेल्या शब्दाने बाकीचे हलतात, आणि ते काम गुप्तदान करू शकत नाही.

2020 चा जानेवारी आठवा. ऑस्ट्रेलियात वणवे पेटले होते. तिथला टेनिसपटू निक किर्गिऑस याचं गाव कॅनबेरा इतकं धुराने भरलं होतं की तिथली टेनिस स्पर्धा दुसऱ्या गावी हलवावी लागली. त्याने ट्विटरवर लिहिलं, या उन्हाळ्यात ऑस्ट्रेलियात मारीन त्या प्रत्येक एसमागे (समोरच्याला रॅकेटही लावता येत नाही अशी सर्व्हिस) 200 डॉलर देईन. त्याच्याच देशाच्या ॲलेक्स डी मिनॉरने एसमागे 250 जाहीर केले, कारण आपले एस किर्गिऑसइतके व्हायचे नाहीत हे त्याला ठाऊक होतं. टेनिस ऑस्ट्रेलिया या तिथल्या टेनिस संघटनेने एटीपी कप या देशांच्या संघांमधल्या स्पर्धेतल्या प्रत्येक एसमागे 100 डॉलर द्यायचं ठरवलं, म्हणजे परदेशी खेळाडूंचे एससुद्धा मदतीच्या हिशोबात आले. पुढे मेलबर्नला रॉड लेव्हर अरीना या स्टेडियममध्ये प्रदर्शनीय सामने झाले, तिथे फेडरर आणि नदालने मिळून अडीच लाख ऑस्ट्रेलियन डॉलर जाहीर केले. हे सगळं जेमतेम दोन आठवड्यांत! किर्गिऑसने गुपचूप चेक पाठवला असता तर एक चेक गेला असता, इतकंच.

ब्रिस्बेनला पहिला सामना जिंकल्यावर कोर्टवरच वणव्यांबद्दल बोलताना किर्गिऑसचा गळा दाटून आला होता. त्याच्या एरवीच्या वागण्यावर कितीही टीका करा, त्या दिवशीचं त्याचं बोलणं मला शंभर टक्के खरं वाटलं.

आता कोट्यवधींचं. बक्षिसाचा आकडा छापून येतो तेवढा खेळाडूच्या हातात पडत नाही. प्रशिक्षक, फिजिओ, विमानं, हॉटेलं हे सगळं त्यातूनच भागतं. शिवाय स्पर्धा ज्या देशात असेल तिथला कर जागेवरच कापला जातो. अमेरिकेत परदेशी खेळाडूच्या बक्षिसातून साधारणपणे 30 टक्के जातात. म्हणून अमेरिकी खेळाडू टेलर फ्रिट्झचं मला विशेष वाटलं. 2025 च्या ऑस्ट्रेलियन ओपनला त्याने पहिल्या फेरीचे 82,000 अमेरिकी डॉलर लॉस एंजेलिसच्या आगग्रस्तांना दिले. ती पहिल्या फेरीची पूर्ण रक्कम होती. कर किंवा खर्च वजा करून उरलेली नव्हे.

मंजिरी

---

प्रेषक: माधव
प्रति: मंडळ

मंजिरी,

कराचा मुद्दा पटला, आणि एकामुळे दुसरा हलतो हेही खरं. पण खेळाडू लवकर हरला तर काय? ऑस्ट्रेलियाच्या ॲशली बार्टीने 2020 च्या त्याच जानेवारीत ब्रिस्बेनच्या स्पर्धेतली सगळी कमाई रेडक्रॉसला द्यायचं ठरवलं आणि एकेरीचा पहिलाच सामना हरली. 2021 मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा नाओमी ओसाकाने अमेरिकेतल्या सिनसिनाटी स्पर्धेचं बक्षीस देऊ केलं, तीही तिसऱ्या फेरीत बाहेर. घरं पडलेल्या माणसांना किती मदत मिळणार, हे कुणाच्या फोरहँडवर का अवलंबून असावं?

माधव

---

प्रेषक: मंजिरी
प्रति: मंडळ

काका, खरी अडचण तीच आहे, आणि ती खेळाडूंनाही दिसते. बार्टी एकेरीत हरली तरी दुहेरीत किकी बर्टेन्सबरोबर अंतिम फेरीपर्यंत गेली, त्यामुळे रक्कम वाढली. पण तो नशिबाचा भाग. ब्रिटनच्या अँडी मरेने मात्र नशिबावर फारसं काही ठेवलं नाही. मार्च 2022 मध्ये त्याने सांगितलं, की वर्षभरात इथून पुढे मिळेल ते सगळं बक्षीस युनिसेफमार्फत युक्रेनच्या मुलांसाठी. एका स्पर्धेत नव्हे, उरलेल्या सगळ्या वर्षात! कंबरेच्या सांध्यात धातू बसवलेला, क्रमवारीत पहिल्या पन्नासातही नाही, अशा अवस्थेत. स्टुटगार्टला तो अंतिम फेरीत पोहोचला, विम्बल्डनला दुसऱ्याच फेरीत हरला. दोन्ही ठिकाणचे पैसे त्याच खात्यात गेले. शेवटी बेरीज 6,30,000 अमेरिकी डॉलरच्या वर गेली. मला विचाराल तर सगळ्यांत सरस शब्द हा. जिंकण्याच्या धुंदीत दिलेला नाही, आणि हरलेल्या आठवड्यातही पाळायचा.

तितकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे पैसे कुणाला जाणार ते स्पष्ट सांगणं. त्याच मार्चमध्ये युक्रेनची एलिना स्वितोलिना मेक्सिकोतल्या मॉन्तेरेला आपल्या देशाच्या झेंड्याच्या निळ्यापिवळ्या कपड्यांत खेळली आणि इथलं सगळं बक्षीस युक्रेनच्या सैन्याला, असं तिने सरळ सांगितलं. सैन्याला पैसे देण्यावर मतभेद होऊ शकतात. पण तिने कुणाला अंधारात ठेवलं नाही. ‘चांगल्या कामासाठी’ एवढंच म्हणून सोडून देणाऱ्या घोषणेपेक्षा मला ते कितीतरी प्रामाणिक वाटतं.

तर आपल्या स्पर्धेसाठी माझं म्हणणं असं. संस्थेचं नाव नावनोंदणीच्या आधी ठरवायचं आणि पत्रकात छापायचं. मंडळाने एक किमान रक्कम स्वतःकडून आधीच बाजूला काढायची, म्हणजे कोण जिंकलं कोण हरलं याने मदत अडणार नाही. खेळाडूंनी त्यावर काय घालायचं ते ज्याचं त्याने ठरवावं: कुणी एसमागे, कुणी जिंकलेल्या सेटमागे. ज्याला नाव नको असेल त्याची रक्कम नावाशिवाय जमा होईल, तेव्हा गुप्तदानालाही जागा राहते. आणि संस्थेची पावती याच यादीवर सगळ्यांना पाठवायची. जाहीर शब्द दिला की पावतीही जाहीर हवी, इथे मी मागे हटणार नाही.

किमान रक्कम किती हे खजिनदारांना विचारायला हवं. काका, नियमांचा मसुदा तुम्हीच करा ना. तुमच्या नजरेतून पळवाट सुटायची नाही. येत्या बैठकीआधी आला तर तिथेच मंजूर करून घेऊ.

मंजिरी