सल्ला हवा: बनारसी ब्रोकेडचा स्टोल, बजेट ६००० (खरंच ६०००)

रुईफूल
ताईच्या पन्नाशीला बनारसी स्टोल द्यायचाय. हातमागाचा, जरीचा, साधारण २२ बाय ७२ इंच. ती साध्या काळ्या कुर्त्यावर गळ्यात घालून दोन्ही टोकं पुढे सोडते. दोन पसंत पडलेत. वांगी रंगाचा, सुट्या बुट्ट्यांचा कढुआ (प्रत्येक बुट्टी वेगळी विणलेली), ५८०० रुपये. आणि मोरपंखी, भरगच्च जाळीदार नक्षीचा फेकुआ (जर काठापासून काठापर्यंत), ४२००. दोन्हींत 'टेस्टेड जर' आहे म्हणतात. म्हणजे खरी ना?

नऊवारी
सहा हजारांत काय येतंय? अजून दहा हजार घाला आणि येवल्याची पैठणी ओढणी घ्या. आमच्याकडे आहे, उलटसुलट कशीही घाला, दोन्हीकडून सारखीच.

खटपट्या
टेस्टेड म्हणजे तपासलेली नव्हे. तांब्याची तार, तिच्यावर चांदीचा मुलामा, वर सोनेरी झाक. खऱ्या जरीत चांदीची चपटी तार रेशमी धाग्याभोवती गुंडाळलेली असते आणि तिच्यावर सोन्याचं पाणी. ती या भावात मिळणारच नाही, तेव्हा तो नाद सोडा. भीती तिसरीची, प्लास्टिकची. गोंड्यातला एक जरीचा धागा मागून घ्या आणि नखाने उलगडा. धातूची तार वाकवली तशी वाकलेली राहते, खरवडली की तांबूस दिसते. प्लास्टिकची पट्टी परत उसळते आणि ज्योतीवर धरली की गोळा होते. ताण्याचा (उभा) धागा जाळला तर केस जळल्यासारखा वास यायला हवा, राख बोटांत चुरली पाहिजे.

नऊवारी
दुकानात काड्या पेटवत बसणार का त्या? सिल्क मार्क बघायचा, विषय संपला.

खटपट्या
सिल्क मार्क रेशमापुरता. जर कसली आणि माग कुठला, हे तो सांगत नाही. हातमागाचा हँडलूम मार्क वेगळा, २००६ पासून आहे.

मोरपिसारा
काठाला टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोकं दिसली की हातमाग. एवढं पुरतं.

ताणाबाणा
पुरत नाही. कापड रुंदीत ताणून धरणाऱ्या पट्टीचे दात यंत्रमागावरही खुणा सोडू शकतात.

आणि सगळे जरीच्या मागे लागलात, स्टोलची उलटी बाजू कोणी बघितली का? साडीची आत जाते, स्टोलचं एक टोक उलटतंच. फेकुआत जर या काठापासून त्या काठापर्यंत फेकतात, त्यामुळे दोन बुट्ट्यांच्या मधला धागा मागे सुटा लोंबतो. तो कातरला तर टोकं मानेला टोचतात आणि बुट्टीची कड हळूहळू निसटते. नाही कातरला तर झुमक्यात अडकतो, आणि एक धागा ओढला गेला की अख्खी ओळ चुणते. कढुआत प्रत्येक बुट्टीची धाग्याची कांडी वेगळी. जर बुट्टीच्या कडेला वळून तिथल्या तिथे परत येते. दुकानात स्टोल उलटा करा आणि बुट्टीच्या कडेवरून बोट फिरवा. खरखर लागली, कातरलेली टोकं दिसली, तर कढुआ म्हणून फेकुआ विकतायत. वांगीच घ्या.

शेंदरी
संभाजीनगरची हिमरू शाल का नाही? ऊबही मिळेल.

ताणाबाणा
हिमरूत सूत आणि रेशीम. धागे तिच्याही मागे लोंबतात. विचारलंय जरीचं.

जुनेर
घ्या कुठलाही, पण अत्तर लावून वर घालू नका म्हणावं. माझी जर मानेपाशी बरोबर गोल काळी पडली. घामानेही पडते. प्लास्टिकच्या पिशवीत नको, दमट होतं. मलमलमध्ये गुंडाळा, डांबरगोळी आत नको. दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदला, नाहीतर घडीवरच तार तुटते. हँगरला टांगायचा नाही. इस्त्री कोमट, उलट्या बाजूने, वर सुती फडकं.

मोरपिसारा
अत्तराचं मीही सांगणारच होते. आणि भोकांचं म्हणणं माझं कायम आहे.

रुईफूल
सगळ्यांचे आभार. मोरपंखी घेतला. :) जर उलगडून बघितली, तांबंच निघालं. वांगी ताईला कधीच आवडलेला नाही. उरलेल्या पैशांत अस्तर लावते, म्हणजे मागचे धागे झाकले जातील.

ताणाबाणा
बरं. मग निदान अस्तर नीट लावा. पातळ मलमल, आधी भिजवून वाळवलेली, नाहीतर नंतर आटेल आणि स्टोल गोळा होईल. मशीन नको, सुईची भोकं रेशमात राहतात. हातटाका, आणि सलग शिवण फक्त काठात. लांबीत अस्तर अर्धा इंच ढिलं ठेवा आणि मधून दर आठ-दहा इंचांवर एकेक टाका मागच्या लोंबत्या धाग्याला न पकडता घाला, नाहीतर पुढची जर ओढली जाईल.

रुईफूल
गोंडे अस्तराच्या आत घ्यायचे की बाहेर?

ताणाबाणा
बाहेर. गाठींच्या पाव इंच अलीकडे अस्तर थांबवा.

नऊवारी
पैठणीला अस्तर लागत नाही.