बीपीसाठी झिंक-सेलेनियमच्या पुड्या? आधी मिठाचा डबा बघा

भीमाकाठ
आमच्या आत्यांना बरीच वर्षं बीपी आहे. गोळी चालू असूनही वरचा आकडा १५० च्या खाली येत नाही. सोसायटीतल्या एका शिबिरात त्यांचे मानेमागचे केस कापून नेले आणि पुढच्या आठवड्यात रंगीत रिपोर्ट हातात ठेवला. झिंक कमी, सेलेनियम कमी, क्रोमियम कमी, तांबं जास्त. खाली ठळक अक्षरांत लिहिलंय की उच्च रक्तदाबाचं मूळ सूक्ष्म खनिजांच्या असंतुलनात आहे. सोबत पुड्यांचं पॅकेज, ते त्यांच्या वर्षभराच्या गोळ्यांहून महाग. आणि रोजच्या ताटातल्या पापड-लोणच्याबद्दल त्या रिपोर्टात चकार शब्द नाही!

२००१ मध्ये अमेरिकेत एकाच निरोगी माणसाचे केस सहा खासगी लॅबना पाठवले होते. बारा खनिजांच्या बाबतीत सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकड्यात दहापटीहून अधिक तफावत निघाली. अशा आकड्यांवर उपचार ठरवायचे?

माझं मत असं की बीपीच्या बाबतीत खरा हिशेब सोडियम आणि पोटॅशियमचा आहे. जेवणातून पोटॅशियम कमी गेलं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवतं. पुरेसं गेलं की मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नळ्यांमधली सोडियम परत ओढून घेणारी एक वाट आवळली जाते. थायाझाइड गटातली, लघवीला लावणारी गोळी नेमकी त्याच वाटेवर काम करते.

चीनमधल्या ६०० गावांतला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. जवळजवळ २१ हजार माणसं, एकतर आधी पक्षाघात होऊन गेलेली, नाहीतर साठी ओलांडलेली आणि बीपी वाढलेली. निम्म्या गावांना नेहमीचं मीठ आणि निम्म्यांना ७५ टक्के सोडियम क्लोराइड व २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असं मिश्रण. पाचेक वर्षांत मिश्रणवाल्या गावांत पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी आणि मृत्यूचं १२ टक्क्यांनी कमी राहिलं. औषध नाही, पथ्य नाही, नुसतं मीठ बदललं. आपल्याकडे घरोघरी हे मीठ का पोचू नये?

मेघना_डायलिसिस
सरसकट असा सल्ला देऊ नका, कळकळीने सांगते. मी डायलिसिस युनिटमध्ये काम करते. पायातलं बळ गेलं म्हणून उचलून आणलेला पेशंट, ईसीजीवर टोकदार उंच लहरी, रक्तातलं पोटॅशियम ७ च्या वर, म्हणजे हृदय बंद पडू शकेल इतकं, कारण निकामी मूत्रपिंड ते बाहेर टाकू शकत नाही. अशा वेळी नातेवाइकांना 'घरात मीठ कोणतं?' हा प्रश्न आम्हाला विचारावाच लागतो. तुम्ही सांगता त्या अभ्यासात गंभीर मूत्रपिंडविकार असलेल्यांना घेतलंच नव्हतं. आपल्याकडे बीपीच्या कितीतरी पेशंटांच्या खिशात टेल्मिसार्टन असतं, आणि ते पोटॅशियम वाढवतं. स्पायरोनोलॅक्टोन ही लघवीला लावणारी गोळीही वाढवते. आम्ही पेशंटांना पोटॅशियम निघून जावं म्हणून भाजी चिरून, उकळून, पाणी फेकून खायला शिकवतो, शहाळ्याला हात लावू देत नाही, आणि तुम्ही मिठातूनच पोटॅशियम वाढणार?

अंगत_पंगत
लॅबचं जाऊ द्या, पण खनिजं महत्त्वाची नाहीत हे पटत नाही. आमच्याकडे आजीच्या काळापासून सैंधव आहे. त्यात ८४ खनिजं असतात, पांढऱ्या मिठात काय उरतं?

भीमाकाठ
@अंगत_पंगत, सैंधवही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच आहे. इतर खनिजं २ टक्के धरली तरी दिवसाच्या ५ ग्रॅम मिठात ती सगळी मिळून १०० मिलिग्रॅम. उलट बहुतेक सैंधवात आयोडीन घातलेलं नसतं. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यातला गलगंड आयोडीनयुक्त मिठानेच आटोक्यात आला, हे डॉ. रामलिंगस्वामींनी साठ-सत्तर वर्षांपूर्वी दाखवलंय. उपवासाला सैंधव जरूर खा, बीपीसाठी नको.

रानवेली
धागाकर्त्यांनी मॅग्नेशियम अगदीच सोडून दिलंय. ते सूक्ष्म खनिजांत मोडत नाही हे ठाऊक आहे, पण विषय खनिजांचा आहे ना? शरीरातल्या मॅग्नेशियमपैकी १ टक्क्याहूनही कमी रक्तद्रवात असतं, म्हणून रिपोर्ट 'नॉर्मल' आला तरी साठा रिकामा असू शकतो. लघवीला लावणाऱ्या गोळ्या आणि वर्षानुवर्षं घेतलेल्या ॲसिडिटीच्या गोळ्या ते कमी करतात. आणि मॅग्नेशियम कमी असेल तर पोटॅशियम कितीही द्या, लघवीवाटे निघून जातं. तुमचा सोडियम-पोटॅशियमचा हिशेब याच्याशिवाय जुळणार नाही. राजगिरा, तीळ, शेंगदाणे, नाचणी ताटात वाढवा.

भीमाकाठ
ताटातून मिळत असेल तर हवंच. पण २०१६ मध्ये ३४ चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा दिवसाला साधारण ३७० मिलिग्रॅम मॅग्नेशियम देऊन वरचा आकडा सरासरी २ ने उतरला. कमतरता असलेल्यांना कदाचित जास्त फायदा होईल. बाकीच्यांना गोळ्या कशाला? १९९७ च्या, बीपी उतरवण्यासाठी आखलेल्या डॅश आहाराच्या चाचणीत मीठ तेवढंच ठेवून फळं, भाज्या, कमी स्निग्धांशाचं दूध-दही वाढवलं आणि तेलतूप कमी केलं, तर ५.५ ने उतरला होता.

कुपाटी
सूक्ष्म मूलद्रव्यांना चर्चेतून इतक्या सहज काढू नका. दोन आहेत, ती कमी पडत नाहीत, जास्त होतात. शिसं रक्तदाब वाढवतं, आणि पेट्रोलमधलं शिसं २००० मध्ये बंद झालं तरी जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्या वस्त्यांमधून ते गेलेलं नाही. दुसरं कॅडमियम. तंबाखूचं रोप ते मातीतून शोषून पानांत साठवतं आणि शरीरात गेल्यावर ते मूत्रपिंडातच ठाण मांडतं. आमच्या भागात बायका पहाटे मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, दातांना लावतात, दुपारी परत लावतात, आणि डॉक्टरांनी 'तंबाखू?' विचारलं की 'नाही' म्हणतात, कारण मिश्री त्यांच्या लेखी तंबाखूच नाही. झिंकच्या पुड्या विकणारे शिबिरवाले हा एक प्रश्न विचारत नाहीत, याचा मला जास्त राग येतो.

भीमाकाठ
@कुपाटी, मिश्रीचं लिहिलंत ते फार बरं केलंत. @मेघना_डायलिसिस, जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये कमी सोडियमच्या मिठाची शिफारस केली, त्यात मूत्रपिंडविकार असलेले, गरोदर स्त्रिया आणि मुलं वगळलीच आहेत. रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) आणि पोटॅशियम तपासून, डॉक्टरांना विचारून बाकीच्यांनी घ्यावं, एवढंच म्हणतोय. काहींना धोका आहे म्हणून पक्षाघात टळू शकणाऱ्यांचं मीठ अडवायचं का?

मेघना_डायलिसिस
वगळणं कागदावर सोपं आहे, स्वयंपाकघरात नाही. आपल्या घरात मिठाचा डबा एकच. त्याच आमटीतून मधुमेहाचे सासरे जेवतात, दिवस गेलेली सून जेवते, पाच वर्षांचं पोर जेवतं. कोणाला वगळणार? आणि मूत्रपिंड निम्म्याहून जास्त निकामी होईपर्यंत बहुतेकांना काही जाणवत नाही, तपासायला जाणार कोण? पाकिटाच्या पुढच्या बाजूला ठळक मराठीत सूचना छापली जाईपर्यंत माझा विरोध कायम राहील. तोवर आहे तेच मीठ कमी घाला. कणकेत मीठ टाकणं बंद करा, ताटात वरून घेणं बंद करा, आणि पापड आठवड्यातून एखादा, कारण त्यात मीठ आणि पापडखार असं दोन्हीकडून सोडियम येतं. याला रक्ततपासणी लागत नाही.

रानवेली
कणकेतल्या मिठावरून आमच्या घरात आज भांडण होणार, पण करतेच बंद.