मदत हवी आहे: पॅरिसच्या जुन्या चर्चसाठी मराठी शब्द

नमस्कार मंडळी. पॅरिसच्या लॅटिन क्वार्टरमधल्या सँ-सेव्हरँ चर्चवर लेख लिहितोय आणि शब्दांपाशी अडलोय. १४४८च्या आगीनंतर हे चर्च पुन्हा बांधलं. वेदीमागे फिरायला दुहेरी वाट आहे. तिला सरळ 'प्रदक्षिणामार्ग' म्हणू? तिथला एक खांब पिळलेल्या दोरखंडासारखा वर चढतो आणि माथ्याशी ताडासारखा फुटतो. (फोटोत निम्माही कळत नाही!) छताला आतून पेलणाऱ्या कमानदार दगडी 'फासळ्यां'ना आपल्याकडे काही शब्द आहे का? चित्रकार झाँ बाझेनच्या १९७०च्या रंगीत काचांचं निभावतंय. 'पॅरिश'ला, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या भाविकांच्या वस्तीला, वसईकडचे ख्रिस्ती बांधव 'धर्मग्राम' म्हणतात. भर शहरातल्या चर्चला तो चालेल? वसईकर कुणी असतील तर जरूर सांगा. मजकूर शुक्रवारी द्यायचाय.